गाण्याच्या ऑनलाइन क्लाससाठी स्वतःचं व्हिडिओ ॲप बनवून घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दादरला वीस-बावीस वर्षं तुमचा शास्त्रीय गायनाचा क्लास आहे. २०२० नंतर त्यातले पन्नासेक विद्यार्थी ऑनलाइनच राहिले: कुणी डोंबिवलीला, कुणी नाशिकला, पाच-सहा दुबईत आणि एक मुलगी न्यू जर्सीला. तयार व्हिडिओ कॉलवर तानपुरा मध्येच गायब होतो, ठेक्याबरोबर गाणं जमत नाही, लिंक सापडत नाहीत, फीचा हिशोब वहीत राहतो. एका कंपनीने १८ लाखांत ‘क्लासचं स्वतःचं ॲप’ करून देतो म्हटलंय. मुलगा म्हणतो करून टाकू, तुमचं मन होत नाही.

उत्तर आधी सांगतो. १८ लाख घालू नका. पण आत्ता चाललंय तसंही चालू ठेवू नका. कॉलचं इंजिन, म्हणजे आवाज-चित्र इकडून तिकडे पोचवणारा भाग, तयार घ्या आणि तुमच्या शिकवण्याला जे लागतं तेवढंच त्याभोवती स्वतःचं करून घ्या. तानपुरा तुम्ही मिरजेहून आणता. भोपळा स्वतः पिकवायला जात नाही, पण जवारी मात्र तुमच्या कानाला पटेल तशीच लावून घेता. इथेही तेवढंच करायचं आहे. मी गेली अनेक वर्षं अंधेरीत बसून लोकांना व्हिडिओ कॉलिंगच्या प्रणाली बनवून देतो, त्यावर माझं घर चालतं. म्हणून ‘बनवू नका’ असं म्हणताना कारणंही दिली पाहिजेत.

तानपुऱ्यापासून सुरुवात करू, कारण निम्मी तक्रार तिथेच आहे. ही सगळी साधनं बोलण्यासाठी बनलेली आहेत. घरात मिक्सर चालू, खाली रस्त्यावर हॉर्न, तरी माणसाचं बोलणं स्वच्छ पोचावं, ही त्यांची पहिली गरज. त्यासाठी आवाजावर तीन संस्कार होतात. सतत एकसारखा वाजणारा आवाज गोंगाट समजून दाबला जातो. हळू आवाज वाढवून आणि मोठा कमी करून पातळी सारखी केली जाते. आणि समोरच्याचा स्पीकरमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरू नये म्हणून तो कापला जातो. आता तानपुरा म्हणजे सतत एकसारखा वाजणारा आवाजच. यंत्राला तुमचा षड्ज आणि छताचा पंखा यांत फरक कळत नाही. दुसऱ्या संस्कारामुळे मंद्रात तुम्ही जपून लावलेला स्वर आणि तार षड्जावर मोकळा सोडलेला आवाज मुलांना जवळजवळ एकाच जोराचे ऐकू येतात. तिसऱ्यामुळे दोघं एकदम गायला लागले की एकाचा आवाज तुटतो. तुम्हाला वाटतं नेट खराब आहे. पुष्कळदा नेट ठीक असतं.

हे तिन्ही बंद करता येतं. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे, तिच्यात हाय फिडेलिटी म्युझिक मोड निवडायचा आणि एको कॅन्सलेशन, म्हणजे वरचा तिसरा संस्कार, काढायचं. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करायचं. एको कॅन्सलेशन काढलं की दोन्ही बाजूंना तारेचा हेडफोन लागतोच, नाहीतर आवाज गोल गोल फिरत राहतो. ब्लूटूथचा चालणार नाही: तो स्वतःचा उशीर वाढवतो आणि माइक चालू झाला की आवाजाचा दर्जाही खाली आणतो.

अडचण एवढीच की हे प्रत्येकाने आपापल्या फोनवर करायचं, आणि आठ वर्षांच्या मुलीची आजी ते दर वेळी करणार नाही. तिने का करावं? इथे मात्र स्वतःचं काही बनवण्याला खरा अर्थ आहे. ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलचं तंत्र, वेबआरटीसी, गूगलने २०११ मध्ये खुलं केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ते वेबचं अधिकृत मानक झालं. त्यात पान उघडतानाच हे तिन्ही संस्कार नकोत असं सांगता येतं. तीन ओळींचं काम आहे ते. आवाज दाबून पाठवणारा ओपस कोडेक सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही चालवता येतो. बोलण्याला तीसेक किलोबिट पुरतात, गाण्याला मी ९६ ते १२८ ठेवतो. म्हणजे आजीने लिंक दाबायची आणि तानपुरा ऐकू यायला हवा. काही स्वस्त फोनांमध्ये गोंगाट दाबण्याचं काम फोनच्या आतच होतं, ते बाहेरून थांबवता येत नाही. पण ते अपवाद.

आता लय. कंपनीने ‘झीरो लॅग’, म्हणजे अजिबात उशीर नाही, असं लिहून दिलंय म्हणता. त्या एका शब्दामुळेच मी सावध झालो असतो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसतं एका बाजूने पोचायलाच ६२ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसते, ती अरबी समुद्र, तांबडा समुद्र, युरोप, अटलांटिक असा वळसा घेते, त्यामुळे शंभराच्या आसपास धरा. त्यात आवाजाचे तुकडे करणं, मागेपुढे आलेले तुकडे रांगेत लावायला थांबणं, दोन्हीकडचं वायफाय मिळवलं की एका दिशेने २०० मिलिसेकंद सहज होतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका दिशेचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर संभाषणाला चालतो असं धरलंय. बोलण्यात त्याच्या थोडं वर गेलं तरी माणूस सांभाळून घेतो. गाण्यात नाही. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. तुमचा ठेका तिच्यापर्यंत जायला २००, तिचा आवाज परत यायला २००. ती तिच्या खोलीत अगदी समेवर येते आणि तुम्हाला दीड मात्रेहून जास्त मागे ऐकू येते. ती मुलगी ‘लयीत कच्ची’ आहे असं तुम्ही लिहिलंय. ताई, मला नाही तसं वाटत. तिचं गाणं तिच्याच बाजूला रेकॉर्ड करून मागवा आणि मग ठरवा.

हे अंतर कुठल्याही किमतीचं ॲप कमी करू शकत नाही. उपाय शिकवण्याच्या पद्धतीत आहे: तानपुरा आणि ठेका दोन्ही विद्यार्थ्याच्या बाजूला वाजायचे, तुम्ही ऐकायचं. मग उशीर असला तरी तिचा स्वर आणि तिचा ठेका तुमच्याकडे एकत्रच उशिरा येतात आणि आपसात जुळलेले असतात. मुंबईतल्या मुंबईत मात्र गंमत वेगळी आहे. दोन्हीकडे फायबर, संगणकाला थेट लॅन केबल आणि तारेचा हेडफोन असेल तर जॅम्युलस, सोनोबस किंवा स्टॅनफर्डच्या मंडळींचं जॅकट्रिप यांसारख्या मोफत साधनांनी उशीर ३० मिलिसेकंदांच्या आसपास आणता येतो. हवेतून आवाजाला दहा मीटर जायला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे मोठ्या दिवाणखान्याच्या दोन टोकांना बसल्यासारखं. तेवढ्यात विलंबित लयीत बरोबर गाता येतं. त्यांत चेहरा दिसत नाही, फक्त आवाज असतो, आणि जोडणी थोडी किचकट आहे. तुमच्या तयारीच्या तीन-चार शिष्यांसाठी करून बघा. सगळ्या क्लाससाठी नाही.

पैशांचं बोलू. महिन्याला ५० तास वर्ग, एका वर्गात तुम्ही धरून सात जण, असं समजा. तयार साधनाचा सशुल्क परवाना तुमच्या एकटीच्या नावावर घेतला तरी पुरे, महिन्याला साधारण दीड-दोन हजारांत भागतं. मोफतवर चालवू नका. झूमचा मोफत कॉल ४० मिनिटांनी आणि मीटवरचा तीन किंवा जास्त जणांचा ६० मिनिटांनी संपतो, आणि ४० मिनिटांत बडा ख्याल बसत नाही. दुसरा पर्याय, भाड्याचं इंजिन: आगोरा, डेली, ट्विलिओ यांच्यासारख्या कंपन्या आपल्या पानात बसवायला कॉल देतात आणि माणशी मिनिटाला पैसे घेतात. भाव साधारण ३५ पैशांच्या आसपास. सात जण, ६० मिनिटं, ५० वर्ग म्हणजे २१,००० मिनिटं, सात हजारांच्या थोडं वर. पहिली १०,००० मिनिटं काही जण मोफतही देतात.

तिसरा पर्याय, सर्व्हर आपला. मुलाला तो स्वस्त वाटतोय, कारण जित्सी, लाइव्हकिट, मीडियासूप, जानूस ही इंजिनं फुकट आहेत. इंजिन फुकट असलं तरी त्यातून वाहणारं पाणी विकत असतं. सात जणांच्या वर्गात प्रत्येकाला बाकी सहा जण पाठवायचे, म्हणजे ४२ प्रवाह. एकेक ६०० किलोबिटचा धरला तर तासाला ११ गिगाबाइट, महिन्याला साडेपाचशेच्या वर. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या मुंबईतल्या केंद्रातून बाहेर जाणारा डेटा गिगाबाइटला नऊ-दहा रुपये पडतो. पाच हजार झाले, शिवाय सर्व्हरचं भाडं वेगळं. रेकॉर्डिंग हवं असेल तर जित्सीत प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी पडद्यामागे एक आख्खा क्रोम ब्राउझर चालवावा लागतो, त्याचं यंत्र आणखी वेगळं. आणि हे सगळं सांभाळायला माणूस. खरा खर्च तो आहे. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. प्ले स्टोअर दर वर्षी ॲप नव्या अँड्रॉइडला जुळवून घ्यायला लावतं. काहीही न बदलता नुसतं ‘चालू ठेवायला’ बांधणीच्या १५ ते २० टक्के रक्कम दर वर्षी जाते असा माझा अनुभव. १८ लाखांवर म्हणजे वर्षाला तीन लाख, आणि कोटेशनमध्ये ती ओळ नसते.

माझा एक अनुभव सांगतो. २०२० च्या पावसाळ्यात ठाण्यातल्या एका शिकवणीसाठी मी मुक्त इंजिनावर पूर्ण प्रणाली उभी केली. आमच्या कार्यालयात वीस फोन लावून तपासली, उत्तम चालली. पहिल्या रविवारी चाळीस मुलं बसली आणि त्यातली सात-आठ जोडलीच जात नव्हती. नुसतं ‘कनेक्टिंग’ फिरत होतं. कारण आम्ही सगळे फोन एकाच वायफायवर तपासले होते. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात, काही ऑफिसांच्या नेटवर व्हिडिओचा नेहमीचा मार्गच बंद असतो. अशांसाठी टर्न नावाचा मधला सर्व्हर लागतो, तो साध्या वेबसाइटच्या मार्गाने म्हणजे ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून आवाज-चित्र पोचवतो. मी तो नीट बसवला नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती. एका मुलाची आई फोनवर रडत होती, कारण परीक्षा आठवड्यावर होती आणि तिला वाटलं आपलाच फोन खराब आहे. ते मी विसरलेलो नाही. तयार साधनं घेता तेव्हा अशा शेकडो बारीक गोष्टी कुणीतरी आधीच भोगून दुरुस्त केलेल्या असतात. कॉल चालू असताना साधा फोन आला तर आवाजाचं काय होतं, बॅटरी सेव्हर लागला की काय होतं, हेडफोन मध्येच काढला की काय होतं. पैसे त्याचे असतात.

मुलाला आणखी एक गोष्ट दाखवा. ॲपलच्या नियमांप्रमाणे ॲपच्या आत फी घेणार असाल तर एकास-एक शिकवणीला बाहेरच्या मार्गाने पैसे घ्यायला मुभा आहे, पण एकाने अनेकांना शिकवायच्या थेट वर्गाची फी ॲपलच्याच मार्गाने घ्यावी लागते. तिथे ३० टक्के, लहान व्यवसायांना १५ टक्के वाटा जातो. तुमचे बहुतेक वर्ग सहा जणांचे. वेबपानावर यूपीआयने फी घेतलीत तर हा प्रश्नच येत नाही. फक्त या एका कारणासाठीसुद्धा मी तुम्हाला ॲपऐवजी वेबपान सुचवलं असतं.

मग बनवून घ्यायचं काय? एक छोटी वेबसाइट. प्रत्येक तुकडीचं एकच कायमचं पान, तीच लिंक वर्षभर. पान उघडलं की तानपुऱ्याची पट्टी आणि ठेका विद्यार्थ्याच्या फोनवरच वाजवायची सोय, काळी एक, काळी चार, जे हवं ते. बाजूला कॉल, भाड्याच्या इंजिनावर, तिन्ही संस्कार बंद करून. फीची नोंद. आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन ते: रियाजाचं रेकॉर्डिंग. विद्यार्थ्याने त्या पानावर बटण दाबून गायचं, आवाज आधी त्याच्याच फोनवर पूर्ण दर्जाने साठवायचा आणि मग सावकाश तुमच्याकडे यायचा. नेट तुटलं तरी त्याला ओरखडा पडत नाही. श्रुतीचा बारीक फरक, मींड कुठे सैल पडली, हे थेट कॉलवर तुम्हाला कधीच नीट ऐकू येणार नाही, या रेकॉर्डिंगमध्ये येईल. एवढं काम चांगला माणूस दोन-अडीच महिन्यांत करतो आणि माझ्या अंदाजाने दोन ते तीन लाखांत होतं.

इंजिन भाड्याचं असलं की मालक बदलण्याची, दुकान बंद होण्याची भीती राहते, ती खोटी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ट्विलिओने आपली व्हिडिओ सेवा वर्षभरात बंद करणार असं जाहीर केलं, नंतर मुदत वाढवली आणि २०२४ मध्ये निर्णयच मागे घेतला. तोवर पुष्कळांनी घाईघाईने घर बदललं होतं. म्हणून करारात लिहून घ्या की कॉलचा भाग वेगळा ठेवायचा, म्हणजे उद्या दुसरं इंजिन बसवताना तुकड्या, फी, रेकॉर्डिंग यांना हात लागणार नाही. डोमेन (वेबसाइटचं नाव), क्लाउडचं खातं आणि कोडचं भांडार, तिन्ही तुमच्या ईमेलवर उघडायची. पैसे देण्याआधी आठ-दहा हजारांच्या फोनवर, मोबाइल डेटावर, घराबाहेर उभं राहून, मध्येच एक साधा फोन येऊ देऊन वर्ग घ्यायला लावा. हे करायला जो तयार होत नाही त्याला काम देऊ नका.

तुमचे निम्मे विद्यार्थी अठरा वर्षांखालचे आहेत, तेव्हा रेकॉर्डिंगबाबत काळजी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. प्रवेशाच्या वेळीच संमती घ्या, काय साठवता, किती दिवस साठवता ते लिहा, आणि वेळ झाली की खरंच पुसून टाका.

संपूर्ण स्वतःचं करावंच लागतं अशी कामं आहेत, नाही असं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँका व्हिडिओवर ग्राहकाची ओळख पटवतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये त्याला परवानगी दिली आणि मे २०२१ मध्ये नियम कडक केले: प्रणाली बँकेच्या स्वतःच्या ताब्यात, कॉल तिच्याच सुरक्षित नेटवर्कमधून, ग्राहक भारतात आहे याची खात्री, जीपीएसची नोंद, समोर जिवंत माणूसच आहे याची तपासणी. तिथे मीटची लिंक पाठवून चालत नाही. तिथे लाखो रुपये घालायला कारण आहे. तुमच्या क्लासला तसं कारण आज दिसत नाही. पाचशे विद्यार्थी आणि दहा शिक्षक झाले तर हिशोब पुन्हा मांडू.

खर्च करायचाच तर पहिले दहा-बारा हजार तुमच्या खोलीत घाला. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल ओढून घ्या. दादरच्या जुन्या इमारतींच्या जाड भिंतींत वायफाय फार थकतं. एक बरा यूएसबी माइक आणि तारेचा हेडफोन. राउटरला छोटा यूपीएस लावा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली त्या दिवशी ज्यांच्याकडे तो होता, त्यांना वर्गाला निदान ‘आज थांबू’ एवढं तरी सांगता आलं. मग सहा आठवडे सशुल्क परवान्यावर, संगीताची सेटिंग लावून शिकवा आणि फीच्या वहीतच मागच्या पानांवर लिहीत जा: कुणाचा आवाज कधी तुटला, त्याच्याकडे फोन कुठला, वायफाय की मोबाइल डेटा. ती पानं मला पाठवलीत तर वेबसाइट करायची की नाही आणि केली तर त्यात आधी काय घालायचं, हे मी नेमकं सांगू शकेन. न्यू जर्सीच्या मुलीला मात्र सहा आठवडे थांबवू नका. येत्या वर्गापासून तिचा ठेका तिच्याच खोलीत वाजू दे.